रिप्लेसमेंट म्हणून आलेल्या कलाकाराला अभिनय पुरस्कारासाठी पात्र धरावं का? नियमावली लिहिताना अडलं आहे

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी.

सांगली-मिरजेत वर्षभर जी नाटकं होतात, म्हणजे दौऱ्यावर येणारी व्यावसायिक आणि जिल्ह्यातल्या हौशी संस्थांची, त्यांतून अभिनयाचे चार पुरस्कार द्यायचे अशा एका योजनेची नियमावली लिहायचं काम चालू आहे. प्रमुख भूमिकेसाठी दोन, सहायक भूमिकेसाठी दोन. हंगाम १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर, परीक्षक तीन, पुरस्कार ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनी. एवढं पक्कं झालं आहे.

अडलंय ते एका कलमावर. कच्च्या मसुद्यात 'भूमिका शुभारंभाच्या संचातील कलाकाराने केलेली असावी' असं वाक्य आहे. त्यावर दोन तट पडलेत. एका बाजूचं म्हणणं, भूमिका ज्याने उभी केली त्याचीच ती, मागून आलेला तयार वाटेवरून चालतो. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, प्रेक्षकासमोर जो उभा राहतो त्याला गुण द्या, आधी कोण होतं याच्याशी परीक्षकाचा संबंध नाही.

रिप्लेसमेंट (चालू नाटकात मूळ कलाकाराच्या जागी मागून आलेला) पात्र धरायची झाली तर मूळ कलाकाराच्याच गटात की वेगळा पुरस्कार? किमान किती प्रयोगांची अट घालावी? आणि एकाच भूमिकेत दोघं आलटूनपालटून उभे राहत असतील (बालनाट्यात हे फार होतं) तर काय करायचं? तालमीत आणि विंगेत काम केलेल्यांनी सविस्तर लिहावं.

पडद्यामागे (मिरज)

माझं मत पहिल्या बाजूने आहे. मसुद्यातलं वाक्य ठेवा.

नवं नाटक महिना-सव्वा महिना तालमीत असतं. त्या काळात नट फक्त पाठांतर करत नाही. पंधरा पानांचा प्रवेश अकरा पानांवर येतो, कुठलं वाक्य पाठमोरं घ्यायचं ते ठरतं, चष्मा पुसण्यापासून काठी टेकण्यापर्यंतची बारीक कामं सुचतात आणि मग ती दिग्दर्शकाची, लेखकाची, नटाची सामाईक होऊन संहितेत बसतात. लेखक शेजारी बसून वाक्य बदलून देतो ते त्या नटाच्या तोंडाला बसेल असं. पुढे येणाऱ्याला हे सगळं शिवून तयार मिळतं, त्याला फक्त मापात बसवून घ्यायचं असतं. ते काम सोपं आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण ते वेगळं काम आहे. दोन वेगळी कामं एका तागडीत तोलली की दोघांवरही अन्याय होतो.

ऑर्गनची साथ (हरिपूर)

'शुभारंभाचा संच' हे कलम आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासाला लावून बघा.

किर्लोस्करांचं शाकुंतल रंगभूमीवर आलं १८८० साली. बालगंधर्वांचा जन्म १८८८चा. ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले १९०५ मध्ये आणि शकुंतला म्हणून पहिल्यांदा उभे राहिले ते इथे, मिरजेत. त्यांच्याआधी भाऊराव कोल्हटकरांनी ती भूमिका गाजवलेली होती. म्हणजे या कलमाप्रमाणे मिरजेतली ती शकुंतला अपात्र. ज्या गावात ती घडली त्या गावाच्या पुरस्कारात हे कलम असावं, हे मला पटत नाही.

आता कामाचं बोलतो. संगीत नाटकात रिप्लेसमेंट म्हणजे नुसता माणूस बदलणं नव्हे, पट्टी (गाण्याचा आधारसूर) बदलते. आधीची नायिका काळी चारला (ऑर्गनच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात) गाणारी असेल आणि नवीन काळी दोनला, तर ऑर्गनवाल्याला सगळी पदं नव्या पट्टीत बसवावी लागतात. ते त्याला जमतं, पण तबलजीला वेगळ्या सुराचा तबला सोबत ठेवावा लागतो, कारण दोन-अडीच सूर एकाच तबल्यावर चढवले-उतरवले तर शाई (मधला काळा लेप) आणि पुडी (तोंडावरचं कातडं) दोन्ही दगा देतात. त्यात नायकाची पट्टी वेगळी. दोघांचं पद लागोपाठ असेल तर मधल्या संवादात तबलजीला वाद्य बदलायला वेळ हवा, म्हणून चार वाक्यं इकडची तिकडे होतात. वन्समोअर घ्यायची जागाही बदलते, कारण जिची तान जिथे खुलते तिथेच टाळी पडते. नवीन गायिका आधीचीच्या ताना घोकून आली तर पद पोकळ वाटतं. तिला स्वतःच्या गळ्याची बढत बांधावी लागते. याला तयार कपडा घालणं म्हणायचं का?

पडद्यामागे (मिरज)

शाकुंतलाचा मुद्दा वेगळा आहे. पंचवीस वर्षांनी त्याच मंडळीत नव्या पिढीने भूमिका घेणं हे आजच्या भाषेत नव्याने बसवलेल्या नाटकाच्या जवळ जातं. नव्याने बसवलेलं नाटक म्हणजे नवा संच, नव्या तालमी, नवा शुभारंभ. तिथे पात्रतेला कोणाचीच हरकत नसावी. आपला प्रश्न आहे चालू नाटकात मध्येच येणाऱ्याचा. नियमात या दोन्हींची व्याख्या स्वतंत्र लिहाच, नाहीतर निर्माते रिप्लेसमेंटलाच 'नव्या संचात' म्हणून जाहिरात करतील आणि त्यावरून वाद होतील. पट्टीचा मुद्दा मात्र मान्य. संगीत नाटकाचा विचार मी केला नव्हता.

दौऱ्यावर (सातारा)

जरा लांब लिहितो, कारण 'तयार मिळतं' या शब्दात बरंच काही झाकलं जातं.

रिप्लेसमेंटला मिळतात सात-आठ दिवस. मूळ कलाकाराला अचानक अडचण आली तर तीनच. पहिल्या दिवशी हातात येते ती संहिता, आणि पहिली चूक इथेच होते. छापील किंवा परिनिरीक्षण मंडळाकडे (नाटकाची संहिता तपासून मंजूर करणाऱ्या सरकारी मंडळाकडे) गेलेली प्रत आणि साठाव्या प्रयोगाला रंगमंचावर प्रत्यक्ष बोललं जाणारं नाटक यांत फरक पडलेला असतो. वाक्यं गळलेली असतात, काही नवी शिरलेली असतात. म्हणून आधी प्रॉम्प्टर किंवा सहायक दिग्दर्शकाकडची चालू प्रत मागायची, ती नसेल तर प्रयोगाचं ध्वनिमुद्रण ऐकून आपली प्रत दुरुस्त करायची. हे न करता पाठांतर केलं तर समोरच्याचा क्यू (आपलं वाक्य सुरू करायची खूण) कधीच येत नाही. नवखा थांबून राहतो आणि प्रेक्षकांना वाटतं की तो विसरला.

दुसरा घोटाळा चित्रफितीचा. ती बहुतेक वेळा प्रेक्षागृहाच्या मागून, पूर्ण रंगमंच दिसेल अशी घेतलेली असते. हालचाली कळतात, नजर कळत नाही. शिवाय तीत हशे भरलेले असतात. ते ऐकत पाठ केलं की नट हशासाठी थांबायला शिकतो. एखाद्या दिवशी तिथे हशा आला नाही की दीड-दोन सेकंदांची भगदाडं पडतात. दोन अंकांत अशी पन्नास-साठ साठली की प्रयोग लांबतो आणि सगळा दोष 'नवीन माणूस ढिला आहे' म्हणून त्याच्या माथी बसतो. यावर उपाय एकच. चित्रफीत दोनदाच बघायची, एकदा गोष्टीसाठी आणि एकदा हालचालींसाठी, मग बंद.

हालचाली बसवताना तालमीच्या हॉलमध्ये जमिनीवर चिकटपट्टी लावून नेपथ्याची मापं आखतात. मूळ संच रंगीत तालमीत प्रत्यक्ष सेटवर वावरलेला असतो, नवीन माणूस पट्टीवर. पट्टीला दाराची चौकट नसते, पायरीला उंची नसते. दौऱ्यावर तर प्रत्येक गावी विंगेपासून दारापर्यंतचं अंतर बदलतं. मुंबईत सहा पावलांत येणारी एंट्री दुसरीकडे नऊ पावलांची होते, म्हणजे क्यूच्या आधी एक वाक्य सुटावं लागतं. सांगलीला भावे नाट्यमंदिर, साताऱ्याला शाहू कला मंदिर, प्रत्येक ठिकाणी पडदा उघडण्याआधी एकदा सगळ्या एंट्र्या-एक्झिट चालून बघणं हे त्याचं काम, आणि सेट उशिरा लागला की नेमकं तेच राहून जातं.

प्रकाशयोजनेचं तर कोणाच्या लक्षातच येत नाही. स्पॉट मूळ नटाच्या उंचीला लावलेले. नवीन नट चार इंच उंच असेल तर कपाळ उजळतं आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या राहतात. त्याचं काम बरं असूनही 'चेहऱ्यावर काही दिसलं नाही' असं लोक म्हणतात. दौऱ्यावर स्पॉट रोजच नव्याने लावायचे असतात, त्यामुळे नवीन माणसाला त्याच्या खुणेवर उभं करून पंधरा मिनिटांत हे सुधारता येतं. पण ते त्याने मागून घ्यावं लागतं. कपडेपटाचंही तसंच. चाळीस सेकंदांच्या बदलात बटणांऐवजी आतून चिकटणारी पट्टी लावलेली असते. नवीन शिवताना शिंपी खरी बटणं लावतो आणि दुसऱ्या अंकाची एंट्री हुकते.

आणि सगळ्यात अवघड म्हणजे बाकीचा संच. त्यांचे साठ प्रयोग झालेले असतात. ते पूर्ण आठवडा तालमीला येत नाहीत, शेवटचे एक-दोन दिवस येतात, तोवर नवीन माणूस सहायक दिग्दर्शकाबरोबर रिकाम्या खुर्च्यांशी बोलत असतो. प्रयोगात जुन्यांचे प्रतिसाद सवयीने येतात, आधीच्या नटाच्या लयीत. नवीन माणसाने वाक्य वेगळ्या वजनाने टाकलं तरी समोरून उत्तर जुन्याच वजनाचं येतं. पहिले तीन-चार प्रयोग नाटक उभं ठेवण्यातच जातात. पाचव्या-सहाव्यापासून समोरचे ऐकायला लागतात आणि तिथून त्याची भूमिका सुरू होते. म्हणून किमान प्रयोगांची अट घालायची तर पाच घाला आणि परीक्षकांनी सहावा किंवा त्यापुढचा बघावा. एक-दोन प्रयोगांत केलेलं धावतं काम कौतुकाचं असतं, पण त्यावर गुण देता येत नाहीत. त्याची पोच म्हणून त्या दिवशी प्रयोगाआधी त्याचं नाव जाहीर करा.

आता पात्रतेचं. शुभारंभ होतो मुंबईला किंवा पुण्याला. नाटक आपल्याकडे येईपर्यंत पन्नास-साठ प्रयोग होऊन गेलेले असतात आणि त्यात एखाददुसरा चेहरा बदललेला असतो. सांगलीच्या प्रेक्षकाने पाहिलेला कलाकार हाच. मूळ संचाची अट ठेवली तर इथले परीक्षक इथे न झालेल्या कामाला पुरस्कार देणार का? की त्या भूमिकेला कोणीच पात्र नाही म्हणून सोडून देणार? मुंबईच्या पुरस्काराला ती अट शोभेल, दौऱ्याच्या गावाला नाही.

वाईकर वाचक (वाई)

अमेरिकेतल्या टोनी पुरस्कारांत (न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे नाटकांचे पुरस्कार) हा वाद जुना आहे, म्हणून थोडी भर.

तिथे सर्वसाधारण नियम उद्घाटनाच्या संचाचा. मागून येणारा स्पर्धेत नसतो. पण अपवाद झालेत. १९७० साली 'कंपनी' या संगीतिकेत डीन जोन्स उद्घाटनानंतर महिन्याभरातच बाहेर पडले, लॅरी कर्ट आले, आणि पुढच्या वर्षी नामांकन मिळालं ते कर्ट यांना. १९६७ मध्ये 'हॅलो, डॉली!' चालू असतानाच पूर्ण संच बदलून पर्ल बेली यांना घेतलं. त्यांना १९६८ मध्ये विशेष टोनी दिला, म्हणजे स्पर्धेच्या बाहेरून.

२००५ मध्ये टोनीने मागून भूमिका घेणाऱ्यांसाठी स्वतंत्र पुरस्कार जाहीरही केला होता. पहिल्या हंगामात तो कोणालाच मिळाला नाही आणि २००६ मध्ये बंद केला. स्वतंत्र गट काढायच्या विचारात असलेल्यांनी यावर विचार करावा. गट काढला की नाटक पुन्हा बघायला परीक्षक पाठवावे लागतात, आणि ते झालं नाही तर गट कागदावरच राहतो.

आलटूनपालटून करणाऱ्यांबद्दल : २००९ मध्ये 'बिली एलियट'मधली मुख्य भूमिका आळीपाळीने करणाऱ्या तीन मुलांना मिळून एकच टोनी दिला होता. बालनाट्यासाठी तीच पद्धत ठेवा. मुलांमध्ये डावंउजवं करू नका.

गुणपत्रक (कराड)

वरच्या चर्चेत स्पर्धा आणि हंगामी पुरस्कार यांची थोडी सरमिसळ होते आहे. राज्य नाट्य स्पर्धेसारख्या ठिकाणी हा प्रश्नच येत नाही, कारण परीक्षक समोरच्या एका प्रयोगाला गुण देतात. त्या रात्री जो उभा, गुण त्याचे. गोंधळ होतो तो वर्षभराच्या पुरस्कारात, जिथे नाटक तेच आणि प्रयोग वेगवेगळे. तीन परीक्षकांनी तीन वेगळ्या दिवशी नाटक पाहिलं आणि मधे नट बदलला, तर एका ओळीत दोन माणसांचे गुण जाऊन बसतात. ते कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण गुणपत्रकावर भूमिकेचं नाव असतं, नटाचं नसतं.

म्हणून आधी गुणपत्रक बदला. प्रत्येक ओळीत भूमिका, त्या दिवशी केलेल्या कलाकाराचं नाव, दिनांक आणि नाट्यगृह. नाव तिकिटावरून किंवा वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरून लिहू नका. जाहिरातीचं डिझाइन महिनोन्महिने तेच वापरतात. परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही इथे उपयोगाचं नाही, ते संहितेचं असतं, संचाचं नव्हे. प्रयोगानंतर नाटकाच्या सूत्रधाराकडून (प्रयोगाची व्यवस्था बघणाऱ्याकडून) त्या दिवशीची पात्रयादी सहीनिशी घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

गुणांच्या वाटणीबद्दल : 'भूमिकेची निर्मिती' किंवा 'नावीन्य' असा रकाना असेल तर मूळ कलाकार तिथे आपोआप पुढे जातो, कारण परीक्षक मनातल्या मनात पहिल्याचंच काम मूळ धरतो. तो रकाना काढा. वाचिक (बोलणं) ३०, आंगिक (देहबोली) २०, भूमिकेचं आकलन २५, समोरच्याशी देवाणघेवाण २५. शेवटचा रकाना महत्त्वाचा. नुसती नक्कल करणारा तिथे पकडला जातो, कारण नक्कल करणाऱ्याची प्रतिक्रिया समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच चेहऱ्यावर उमटलेली असते.

आणि परीक्षकांना एक सूचना लेखी द्या, की आधीच्या कलाकाराशी तुलना गुणपत्रकात करायची नाही. नटसम्राट १९७० मध्ये डॉ. लागूंनी उभं केलं, त्यांच्यानंतर दत्ता भट त्याच भूमिकेत उभे राहिले, पुढे सतीश दुभाषी, यशवंत दत्त. 'लागूंसारखं झालं का' या प्रश्नाने त्यातल्या एकालाही नीट जोखता आलं नसतं. नाटकातला अप्पा बेलवलकर उभा राहिला का, एवढंच विचारायचं.

वेगळ्या गटाच्या मी विरोधात आहे. चार पुरस्कारांच्या योजनेत पाचवा 'रिप्लेसमेंट'चा काढला तर वर्षाला त्यात दोन-तीनच नावं येतील आणि त्यातल्या एकाला द्यावाच लागेल. एकच गट ठेवा.

पडद्यामागे (मिरज)

दौऱ्याच्या गावाचा मुद्दा वाचून माझी भूमिका बदलली. व्यावसायिक नाटकांसाठी मूळ संचाची अट काढा. हौशी नाटकांसाठी मात्र माझं म्हणणं कायम आहे, थोडं सौम्य करून. तिथे शुभारंभ जिल्ह्यातच होतो, मूळ कलाकाराचं काम इथल्यांनी पाहिलेलं असतं आणि प्रयोग होतात आठ-दहा. सातव्याला आलेल्याचे पाच प्रयोग पूर्णच होत नाहीत. अटच ते सोडवते, वेगळा नियम नको.

कृष्णाकाठ (सांगली)

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचून कलम असं लिहिलं आहे, बघा :

'पात्रता प्रत्यक्ष प्रयोगात भूमिका करणाऱ्या कलाकाराची राहील, मग तो शुभारंभाच्या संचातील असो वा नंतर आलेला. नंतर आलेल्या कलाकाराने हंगामात त्या भूमिकेचे किमान पाच प्रयोग केलेले असावेत (जिल्ह्याबाहेरील प्रयोग धरून) आणि परीक्षकांनी त्याचा सहावा किंवा त्यापुढील प्रयोग जिल्ह्यात पाहिलेला असावा. एका भूमिकेतील दोन कलाकारांचे गुण स्वतंत्र धरले जातील, एकत्र केले जाणार नाहीत. ठरवून आलटूनपालटून भूमिका करणारे कलाकार संयुक्तपणे पात्र राहतील. नव्याने बसवलेल्या नाटकाचा संच मूळ संच मानला जाईल.'

दौऱ्यावर (सातारा)

चांगलं झालंय. दोन दुरुस्त्या सुचवतो.

'परीक्षकांनी पाहिलेला असावा' यात तिघांनी की एकाने हे लिहा. तिघांनी म्हटलं तर रिप्लेसमेंटला व्यवहारात संधीच उरत नाही, कारण तो आल्यावर नाटक जिल्ह्यात कदाचित एकदाच येईल. किमान दोन परीक्षकांनी एकाच प्रयोगाला बसावं आणि सरासरी दोघांचीच धरावी, तिसऱ्याच्या जागी शून्य नको.

दुसरं, जिल्ह्याबाहेरचे पाच प्रयोग मोजायचे कशावरून? निर्मात्याच्या पत्रावर अवलंबून राहू नका. नट दर प्रयोगाची नाईट (मानधन) घेताना वहीत सही करतो. त्या वहीतल्या त्याच्या पानाची प्रत प्रवेशअर्जाला जोडायला सांगा, रकमेचा रकाना झाकून. दिनांक आणि गाव दिसलं की पुरे.

ऑर्गनची साथ (हरिपूर)

आणि संगीत नाटकाच्या अर्जात कलाकाराची पट्टी लिहायला सांगा. परीक्षकांपैकी एकाला तरी गाण्यातलं कळत असेल हेही बघा. काळी दोनला भरदार गाणारीला 'आवाज चढला नाही' म्हणून गुण कापले जाऊ नयेत.